बिनबोटांच्या मोज्यांना खळ

सोलापुरात थंडी पडली म्हटलं की पुण्या-नाशिककडचे लोक हसतात. हसू देत बापडे. वर्षातला बहुतेक काळ भाजून निघालेल्या माणसाला पहाटेचा जरासा गारठाही पुरतो आणि आम्ही तो हौसेनं अंगावर घेतो. डिसेंबर उजाडला की कानटोप्या बाहेर पडतात, टपरीवरची माणसं चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून उभी राहतात, आणि ज्या शहरानं साऱ्या मुलखाला चादरी पुरवल्या तिथले लोक एकमेकांना विचारतात, एखादं जाड पांघरूण जास्तीचं आहे का हो तुमच्याकडे?

परवा मीही रजया काढायला माळ्यावर हात घातला, तर रजईबरोबर एक हातमोजा खाली आला. फरशीवर पडताना त्याचा टक्क असा आवाज झाला. लोकरीच्या मोज्याचा कधी आवाज होतो का? याचा होतो. त्याला बोटं नाहीत, नुसता तळहात आणि मनगट झाकेल एवढी किरमिजी नळी, अंगठ्यासाठी बाजूला एक भोक. टेबलावर ठेवला की तो पेल्यासारखा उभा राहतो. नवरा म्हणाला, अजून टाकला नाहीस का तो? मी म्हटलं, नाही. मग कितीतरी वेळ मी त्या मोज्याकडे बघत बसले. दूध उतू गेलं.

बिनबोटांचे मोजे हा प्रकार मला पूर्वी कळतच नसे. मोजा घालायचा तो बोटं गारठू नयेत म्हणून, आणि नेमकी तीच उघडी टाकायची? फोनवर क्रोशाचे व्हिडिओ बघता बघता उलगडा झाला. ज्यांना थंडीतही बोटांनी काम करायचं असतं त्यांच्यासाठी ते असतात. तळवा आणि मनगट उबेत, बोटं कामाला मोकळी. हे कळलं तेव्हा मला आधी आठवला तो आईचा उजवा हात, कारण त्या वर्षी आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

आई सांगोल्याकडच्या आमच्या गावात एकटी राहते. वडील, म्हणजे आप्पा, जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी एकुलती. त्या वर्षी दिवाळीच्या आधी ती गोठ्यात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. तिच्या दोन शेळ्या शेजारच्या काकूंच्या हवाली करून मी तिला सोलापूरला घेऊन आले. प्लास्टर निघालं तेव्हा थंडी सुरू झाली होती. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, हाड छान जुळलंय आजी, आता हात वापरायचा. नाही वापरला तर आखडून जाईल. आई मान डोलवत राहिली. घरी आली, तो हात पदराखाली घेतला आणि काही केल्या बाहेर काढेना.

दाबायला म्हणून दवाखान्यातून एक स्पंजचा चेंडू मिळाला होता. तो तिनं फ्रिजवर ठेवून दिला. मी काय ल्हान पोर हाय का, म्हणाली. जेवण डाव्या हातानं चमच्यानं, वेणी माझ्याकडून, पातळ नेसवायलाही मी. तिला वाटे, हाड नुसतं वरवर चिकटलंय, जोर लावला की पुन्हा उकलेल. तिला समजवायला गेलं की ती पदर आणखी घट्ट ओढून घेई. जन्मभर कामाला न घाबरलेली बाई स्वतःच्याच हाताला घाबरलेली मी पहिल्यांदा बघत होते आणि मला ते सोसत नव्हतं.

आणि प्रश्न नुसत्या हाताचा नव्हता. हात चालला तर ती गावाकडे जाणार, आपली भाकरी आपण थापणार, शेळ्यांची धार काढणार, आपल्या घरात आपल्या मनासारखी राहणार. नाही चालला तर कायमची लेकीच्या दारात. आमच्याकडे आईनं लेकीच्या घरी फार दिवस राहू नये असं अजून मानतात. जावई घरात आला की ती खुर्चीवरून उठून खाली बसायची. तो बिचारा कुर्डुवाडीला रेल्वेत कामाला, रोज जाऊन-येऊन करणारा, थकून आल्यावर आपल्यामुळे म्हातारी जमिनीवर बसली म्हणून आणखीच ओशाळायचा. मला ती माझ्याकडे राहायला हवीच होती. पण हात पदराखाली घेऊन भिंतीला टेकलेली नको होती.

म्हणून मी मोजे विणायला घेतले. सकाळी गार पाण्याचा शिपका लागला तरी मनगटात कळ येते म्हणायची, तर निदान ऊब मिळेल, आणि बोटं उघडी राहिली तर कदाचित आपोआप हलतील, एवढाच माझा हिशेब. बाळीवेशीतल्या दुकानातून किरमिजी लोकर आणली. आईनं गुंडा डाव्या हातात घेतला, नाकाशी नेला आणि विचारलं, कुटल्या मेंढीची म्हनायची ही? मी सांगितलं, मेंढीची नाही, कारखान्यातली आहे. तरीच, म्हणाली, वास न्हाय. आणि परत केली.

लोकरीबद्दल तिला सांगणारी मी कोण? आमच्या घरी घोंगड्या विणत. धनगरवाड्यावरून कातरलेली लोकर यायची, आई ती पिंजून चरख्यावर कातायची आणि आप्पा मागावर बसायचे. विणण्याआधी उभे धागे सबंध बोळभर ताणून बांधत आणि त्यांना खळ देत. खळ चिंचोक्यांची. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवून कुटायचे आणि पाण्यात शिजवायचे, की चिकट लापशी होते. ती कुंच्यानं धाग्यांवर ओढली की धागा ताठ होतो, मागावर तुटत नाही. आप्पा कुंचा घेऊन बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे, आणि आम्ही पोरं भाजके चिंचोके गालात धरून धाग्यांखालून वाकून शाळेला जायचो. नवी घोंगडी पहिल्या हिवाळ्यात पुठ्ठ्यासारखी लागायची. पांघरून पांघरून ती मऊ पडायची आणि मग मात्र सोडवत नसे.

मला तिनं चरख्याला हात लावू दिला नाही कधी. शाळेत जाणाऱ्या पोरीच्या अंगाला लोकरीचा वास नको, असं तिचं म्हणणं. आता तीच मुलगी चाळिशी उलटल्यावर कचेरीतून येऊन, फोन डाळीच्या डब्याला टेकवून, कुणा अनोळखी बाईच्या हातांकडे बघत लोकरीशी झटापट करत होती. आई म्हणाली, मी शिकीवलं न्हाय ते तू फोनाकडनं शिकलीस व्हय. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच नवल वाटत होतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती माझ्याजवळ सरकून बसू लागली. तिला प्रश्न फार पडत. माग कुठाय? आडवा धागा कोणता, उभा कोणता? एकच धागा आणि एकच आकडी, मग कापड होतं कसं? मी तिला क्रोशाचे टाके दाखवले, साखळी दाखवली, खांब दाखवला, मुका खांब दाखवला. मुका का म्हणायचं, तिनं विचारलं, मला सांगता येईना. तिच्या मते कापड म्हणजे दोन धाग्यांचं एकमेकांना अडवून धरणं. इथे एकच धागा स्वतःच्याच फासातून स्वतःला ओढून घेत चालला होता. हे तिला पटतही नव्हतं आणि तिचं बघणं थांबतही नव्हतं. मीही कधी विचार केला नव्हता याचा. तिच्या शेजारी बसून मला माझ्याच हातातल्या कामाचं कोडं पडू लागलं.

एकदा मी कुकर उतरवायला उठले. परत येऊन बघते तर पहिला मोजा अंगठ्यापर्यंत उसवलेला आणि आईच्या मांडीवर कुरळ्या धाग्याचा ढीग. तिनं डाव्या हातानं लोंबतं टोक धरून ओढलं होतं, कुठपर्यंत जातं बघायला. तिला वाईट वगैरे काही वाटलं नव्हतं, ती चकित झाली होती. बघ की, म्हणाली, वडलं की सुटतंय. घोंगडी कापली तरी घोंगडीच ऱ्हाती. ह्यात काय दम हाय? मी सांगितलं की शेवटी गाठ मारतात, मग सुटत नाही. ती हं म्हणाली. हे हं मला चांगलं ओळखीचं होतं. त्याचा अर्थ, तुला कळत नाही पण मी आत्ता बोलत नाही.

मोजे पुरे झाले त्या दिवशी सकाळी मी ते तिच्या हातांत चढवले. पदराखालचा हात मी स्वतः बाहेर काढला. कातडी पांढुरकी, सुकलेली, मनगट मुलीचं असावं एवढं बारीक. या हाताचा मार खाल्लाय मी. तिनं दोन्ही हात समोर धरून पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाली, बोटं करायची ऱ्हायली की. मी हसले, समजावून सांगितलं आणि कचेरीला गेले.

संध्याकाळी जिन्यातच मला वास आला. भाजका, मातकट, गोडसर. पायरीगणिक मी लहान होत गेले आणि दारात पोचले तेव्हा आत आप्पा असतील असं क्षणभर वाटून गेलं. आत ओट्यावर तपेलीभर तपकिरी खळ. शेजारी नवऱ्याचा दाढीचा ब्रश, खळीनं ताठ झालेला. आणि गॅलरीत कठड्याजवळ दोन स्टीलच्या पेल्यांवर चढवून वाळत घातलेले माझे दोन मोजे. हात लावला तर कडकडीत. पेल्यावरून काढले तरी पेल्याचाच आकार धरून उभे.

मला राग आला. इतक्या संध्याकाळी मान मोडून केलेलं काम होतं ते. मी आवाज चढवूनच विचारलं, आई, हे काय करून ठेवलंस? ती भिंतीला टेकून शांत बसली होती, हात पदराखाली.

“खळ दिली,” ती म्हणाली. “आता न्हाय सुटायचं. तुला कुनी दावलंच न्हाय, तर तुला कसं ठावं आसनार?”

तिच्या दृष्टीनं मी एक वस्तू अर्धवट टाकून गेले होते आणि तिनं ती पुरी केली होती. नवरा आला, त्यानं ब्रश पाहिला, सासूकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं न्हाव्याकडे गेला. त्यावर तो आजतागायत एक शब्द बोललेला नाही, आणि माणूस म्हणून तो मला फार आवडतो याचं एक कारण तेही आहे.

त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या नरसम्माक्का आपला खलबत्ता न्यायला वर आल्या. त्यांच्याकडे पूर्वी चादरीचे माग होते, घरात तेलुगू आणि बाहेर आमच्यासारखीच सोलापुरी मराठी. चिंचोकेही त्यांनीच दिले होते, म्हणजे त्या कटात सामील. मी स्वयंपाकघरात त्यांच्याजवळ आईची तक्रार केली. त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि जाता जाता म्हणाल्या, काही म्हणा, हात बाकी झकास चालतोय आता त्यांचा.

मी विचारलं, कुठला हात?

“उजवाच की वो,” नरसम्माक्का म्हणाल्या. “आधी डावा लावल्या, जमंना. मग उजव्या हातानं बत्ता घेतल्या. माझ्याशी बोलत बोलत सगळं कुटून मोकळ्या झाल्या. मी दारातच उभी होते.”

चिंचोका भिजवला तरी कुटताना दमवतो. मी बाहेर येऊन आईकडे पाहिलं. ती तशीच बसलेली, हात झाकलेला, डाव्या हातानं कप धरून चहा पितेय. तिला स्वतःला कळलं होतं का? की कुटताना सारं लक्ष खळीत होतं, दाटपणा नीट येतो की नाही यात होतं, आणि हात आपल्या जुन्या सवयीनं कामाला लागला होता? मला विचारायची फार उबळ आली. विचारण्याऐवजी मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. कारण आठवण करून दिली की भीतीही आठवणार. झोपेत चालणाऱ्याला हाक मारू नये म्हणतात, तसं काहीसं मला वाटलं.

तिथून पुढे माझा एक विलक्षण उद्योग सुरू झाला. मी तिला काहीच करायला सांगत नसे. सांगितलं की हात पदराखाली जायचा. मी नुसत्या वस्तू तिच्यासमोर ठेवून उठून जाई. चटणीचे भाजलेले शेंगदाणे, पाखडायचे राहिलेले. लसणाचे गड्डे. हुरड्याची कणसं मिळाली त्या दिवशी ती ताटात टाकून मी मुद्दाम गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले आणि दाराच्या फटीतून पाहिलं. आधी डावा हात. मग डाव्याला कंटाळून उजवा बाहेर आला, कणीस तळव्यात धरलं आणि अंगठा फिरायला लागला. ती खिडकीबाहेर बघत काहीतरी पुटपुटत होती. मी भिजला टॉवेल हातात धरून तिथेच उभी, श्वाससुद्धा हळू घेत. हुरडा खाताना मला त्याची चव कळली नाही इतकी मी खूश होते.

मधल्या काळात मी मोज्यांचा दुसरा जोड विणला, मऊ, बिनखळीचा. तिनं तो नाराजीनंच घातला. पण धागा गुंडाळायचं काम मात्र मागून घेतलं. सुटलेल्या धाग्याचा गुंडा ती उजव्या हातात धरून असा फिरवी की मला जमलं नसतं. एकदा मी बघतेय हे तिला दिसलं. माझ्यावर पाळत ठिवतीस का काय, म्हणाली. मी म्हटलं, नाही गं.

मग एका सकाळी जाग आली ती थापण्याच्या आवाजानं. मी अंथरुणातच कान देऊन पडून राहिले. थाप सारखी नव्हती, मधेच अडत होती, एका बाजूला जड पडत होती, पण थांबत नव्हती. उठून गेले तेव्हा पहिली भाकरी तव्यावर होती, कडेला चिरलेली, आकार बेंगरूळ. मोजे तिनं काढून कमरेला खोचले होते. मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली,

“भाकरीला तळवा उघडा लागतो, पोरी. तुजं मोजं शेळ्यांची धार काढाया बरं.”

शेळ्या म्हणजे गाव. ती जायचं म्हणत होती, याहून सरळ ती बोलली नसती. जे व्हावं म्हणून मी दाराच्या फटीतून टपून बसत होते ते समोर तव्यावर फुगत होतं आणि आता मीच तिला थांबवायला निघाले. मी म्हटलं, थंडी सरू दे, इथली संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा तोंडावर आलीय, बघून जा. जत्रेपुरती ती थांबली. तिथे तिनं माझ्यासाठी बांगड्या घेतल्या आणि भरताना माझा हात चेपला तो उजव्यानंच. आता लपवाछपवी काही उरली नव्हती.

आता पुन्हा तेच दिवस आहेत. तिच्याशी फोनवर बोलणं होतं. मोजे घालून धार काढते, शेळ्या आधी बुजल्या, आता सरावल्यात म्हणाली. शेजारच्या काकूंनाही हवाय एक जोड. मी विणायला घेतलाय. विणताना मला अजूनही तोच प्रश्न पडतो, की तेव्हा तिला माहीत होतं की नव्हतं. चिंचोके कुटताना खरंच भान नव्हतं, की भान होतं आणि तिला आणखी थोडे दिवस माझ्याकडे राहायचं होतं? फोनवर हे विचारता येत नाही. समोरासमोरही विचारता येईल असं वाटत नाही.

ती गावाकडे परत गेली त्या दिवशी स्टँडवर सांगोल्याची गाडी लागलेली होती आणि आत शिरायची झुंबड. मी पिशव्या खिडकीतून आत ठेवल्या, रुमाल टाकून जागा धरली. ती पायरीवर चढली आणि वळली. तोल जातोय वाटून मी हात पुढे केला. तिनं उजव्या हातानं माझी बोटं धरली आणि दाबली. हळूहळू, पण दाबतच गेली. हाडं एकमेकांवर चढली. मी म्हटलं, आई, दुखतंय.

“दुकतंय न्हवं?” ती म्हणाली, आणि आणखी दाबली.

गाडी गेल्यावर मी तशीच कचेरीत आले. टाइप करताना प्रत्येक अक्षराला बोटं ठणकत होती. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ते पाहिलं आणि मलम पुढे केलं. मी नको म्हटलं. दुपारनंतर ठणका कमी होत गेला, आणि तो राहावा म्हणून मी अधूनमधून एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं दाबून बघत होते.